येतो म्हणायचं

१

कवळ्या बनवणाऱ्या माणसाचा जन्म दुसऱ्यांच्या तोंडापायी जातो, पण तोंड त्याला कुणाचंच दिसत नाही. दिसतो तो प्लास्टरचा साचा. थोरल्याला हे काम आवडे, कारण साचा बोलत नाही आणि "काय, सावरलास का?" असंही विचारत नाही. सकाळभर तो मेणात दात बसवी. कुणाचे जरा पिवळट, कुणाचा एखादा मुद्दाम वाकडा, म्हणजे खरे वाटावेत. दुपारी हात धुऊन घरी येई. मग त्याची बायको कामावर जाई आणि आईजवळ तो बसे. हे वेळापत्रक इतकं घट्ट होतं की नवराबायकोची गाठ बहुतेक दारातच पडे. ती चपला घालत असे, तो काढत असे.

"जेवली?"

"अर्धंच. औषध दिलंय. येते मी."

"ये."

निघताना 'येते' म्हणायचं आणि समोरच्याने 'ये' म्हणायचं, हे आपल्याकडे सगळेच करतात. पण या घरात त्याचा जरा अतिरेकच होता. आईने लहानपणापासून दोन्ही मुलांना पढवलं होतं, "जातो नाही म्हणायचं, येतो म्हणायचं." 'जा' हा शब्द तिच्या कानाला खपत नसे. शाळेत जा, दुकानात जा, असंही ती म्हणत नसे, "शाळेतून ये," "दुकानातून येतोस का?" असं म्हणे. मांजराला हुसकायचं झालं तरी "ये हं आता" म्हणायची. मांजर अर्थातच येई. यावरून धाकटा तिची फार टिंगल करायचा आणि स्वतःही कधी 'जातो' म्हणाला नाही.

धाकटा गेला त्याला आता बरेच महिने झाले होते. ऑफिसात, बसल्या जागी. आदल्या रविवारी याच दारात उभा राहून तो "येतो रे" म्हणाला होता आणि थोरला "ये" म्हणाला होता.

आईला त्यांनी सांगितलं होतं. ती रडली, झोपली, उठली आणि म्हणाली, "धाकटा आला का?" पुन्हा सांगितलं. ती पुन्हा तितकीच रडली, कारण ती पहिल्यांदाच ऐकत होती. तिसऱ्या खेपेला थोरल्याच्या बायकोने त्याला स्वयंपाकघरात ओढून नेलं. "तिच्यासाठी किती वेळा मारणार आहेस त्याला?" ती म्हणाली. "पुरे आता." तेव्हापासून सांगणं बंद झालं. खुब्याचं हाड मोडल्यापासून आई अंथरुणालाच खिळली होती, तेव्हा बाहेरून कुणी येऊन सांगेल अशीही भीती नव्हती. या म्हातारीचे उरलेले दिवस शांतपणे जावेत एवढंच थोरल्याला साधायचं होतं. दुसरं काही साधेल असं त्याला वाटतही नव्हतं.

"धाकटा आला का रे?"

"येतोय."

"अजून येतोयच?"

"येतोय म्हणाला, आई."

रोज दुपारी असं चाले.

२

थोरला रडला नव्हता. लाज वाटावी इतका रडला नव्हता. दात काढण्याआधी सुई देतात, मग ओठ आपला असूनही आपला वाटत नाही, तसं त्याचं सगळ्या अंगाचं झालं होतं. जेवायचा, हिशेबाने हसायचा, झोपही लागायची.

कामावर त्याच्या शेजारी साचे ओतणारा एक जण होता. त्याला सगळे 'प्लास्टर' म्हणत. हा प्लास्टर एकदा जेवताना म्हणाला, "अरे, ते लहानपणचे कॉम्प्युटर गेम आठवतात का? काळा पडदा, ठोकळ्यांची चित्रं, खाली आपण शब्द टाइप करायचे? ते सगळे आता मिळतात. साध्या लॅपटॉपवर चालतात. मी कालच एक राक्षस मारला."

"बरं केलंस."

"तू पण खेळ. डोकं रिकामं होतं."

डोकं भरलंय कुठे, असं थोरल्याच्या ओठांवर आलं होतं. पण घरी आल्यावर, आई जरा पेंगल्यावर, त्याने दोघा भावांचा तो जुना गेम शोधला आणि सापडला. त्या गेमचं इंग्रजी नाव लांबलचक होतं. घरात त्याला 'किल्ला' म्हणत. मामाच्या ऑफिसातून मोडीत निघालेल्या कॉम्प्युटरवर तो आधीपासूनच होता. जंगल, पूल, पुलाखालचा राक्षस, जादूगाराचा बुरूज, आणि तांबड्या सदऱ्याचा एक ठोकळ्यांचा वीर. त्याला इंग्रजीत हुकूम द्यायचे: उत्तरेला जा, दिवा घे, दार उघड. दोघा भावांना इंग्रजी येत होतं बेताचंच. अडलं की ते इंग्रजी अक्षरांत सरळ मराठी टाइप करत. "उघड ना बाबा." गेम दरवेळी तेच उत्तर द्यायचा: तो शब्द मला माहीत नाही.

किल्ला त्यांना कधीच पुरा करता आला नाही. जंगलात एक कोरडी विहीर होती आणि धाकटा खेळताना नेमका तीत पडला. पडल्यावर गेम संपला असता तरी चाललं असतं. तो संपला नाही. वीर विहिरीच्या तळाशी उभा राहिला आणि उभाच राहिला. माहीत असलेले सगळे शब्द टाइप करून झाले, तरी तो वर येईना. धाकट्याने भोकाड पसरलं.

"त्याला तोंडच नाहीये," तो रडत म्हणाला. आणि खरंच नव्हतं. चेहऱ्यात डोळ्यांचे दोन ठिपके होते, तोंडाला जागाच उरली नव्हती. "म्हणून त्याला हाक मारता येत नाही."

आई हात पुसत आली. "मग तुम्ही मारा ना हाक," ती म्हणाली. "म्हणावं, ये वर."

दोघांनी टाइप केलं: ये वर. तो शब्द मला माहीत नाही.

मग मामाने कॉम्प्युटर परत नेला. वीर तिथेच राहिला.

३

आता खेळताना थोरला मुद्दामच विहिरीकडे गेला. का, ते विचारू नये. दुखरा दात माणूस जिभेने चाचपतो, त्यातलाच प्रकार. वीर पडला. तळाशी उभा राहिला. तोच राखाडी दगड, वर आभाळाचा चौकोनी तुकडा, तोच तांबडा सदरा. थोरल्याने बराच वेळ त्याच्याकडे पाहिलं. आत काही हलेल असं त्याला वाटलं होतं. काही हललं नाही.

आतल्या खोलीतून आई म्हणाली, "आला का रे?"

"येतोय," तो म्हणाला, आणि बोटांनी उगाच टाइप केलं: ये वर.

पडदा क्षणभर तसाच राहिला. मग खालच्या ओळीत, गेम ज्या अक्षरांत उत्तरं देई त्याच जाड इंग्रजी अक्षरांत एकच शब्द उमटला.

येतो.

आणि विहीर रिकामी झाली. वीर चढला नाही, उडाला नाही. होता, आणि मग नव्हता. थोरल्याने 'बघ' असा हुकूम दिला. इथे कुणी नाही, असं उत्तर आलं.

४

माणसाला अक्कल दिलीय ती अशा वेळी वापरावी म्हणून. थोरल्याने ती वापरली. हे जुने गेम कुणी ना कुणी दुरुस्त करत असतात. केला असेल कुणा मराठी हौशी माणसाने, आणि घातले असतील चार शब्द. त्यानेही लहानपणी विहिरीत डोकं फोडलं असेल. 'ये वर' हे कुठल्याही मराठी पोराला सुचेल. यात चमत्कार काहीच नाही.

दुसऱ्या दिवशी त्याने प्लास्टरला विचारलं, "तुझ्या गेममध्ये मराठी आहे का?"

"मराठी?" प्लास्टर हसला. "राक्षसाला काय आईमाईवरून शिव्या द्यायच्यात का तुला?"

थोरलाही हिशेबाने हसला. मेणात दात बसवताना तो एकच गोष्ट घोळवत होता. 'येतो' हा शब्द दोन्हीकडून चालतो. दारातून बाहेर पडणारा 'येतो' म्हणतो, आणि हाकेला ओ देणाराही 'येतो'च म्हणतो. विहिरीतल्याने निरोप घेतला होता की ओ दिली होती?

त्या दुपारी तो आईजवळ पेपर वाचत बसला होता. त्यांच्या जिन्यात दुसऱ्या वळणावरची एक फरशी सुटलेली होती. तिच्यावर पाय पडला की टक् असं वाजे. सगळी इमारत तिच्याबद्दल कुरकुर करी आणि बसवून मात्र कुणी घेत नसे. बायको घाईत उतरली की टक्टक् दोनदा वाजे. आत्ता ती एकदाच वाजली. कुणीतरी वर येत होतं, फार सावकाश. थोरला बेलची वाट पाहत राहिला. बेल वाजली नाही. वरच्या मजल्यावरचंही दार उघडलं नाही.

त्याने उठून दार उघडलं. जिन्यात दुपारचं ऊन होतं आणि कुणी नव्हतं. त्याने दार लावलं आणि परत येऊन बसला. दार किती वेळ उघडं राहिलं असेल, एवढाच विचार त्याच्या मनात आला, आणि तोही का आला ते त्याला कळलं नाही.

त्या दिवशी आईने 'आला का' असं विचारलंच नाही.

५

पहिल्यांदा त्याच्या ध्यानातही आलं नाही. सतत वाजणारं घड्याळ बंद पडल्यावर घरात काय बदललंय ते चटकन कळत नाही, तसं. दुसऱ्या दिवशी दुपार कलली, तिसऱ्याही दिवशी कलली. शेवटी त्यालाच राहवेना.

"आई, आज धाकट्याची चौकशी नाही केलीस?"

आईने ओठांवर बोट ठेवलं. "हळू बोल. आत्ता टेकलाय जरा."

"कोण?"

"कोण म्हणजे? दमून आलाय रे. केवढा लांबून आलाय."

थोरल्याने खोलीत पाहिलं. पलंग, औषधांचं टेबल, आरशाचं कपाट, खुर्ची. खुर्चीवर कालचे वाळलेले कपडे ठेवलेले होते. ते आता जमिनीवर होते, पडलेले नव्हेत, कुणीतरी उचलून खाली ठेवलेले. बायकोने ठेवले असतील.

संध्याकाळी बायकोला त्याने विचारलं. "मी कशाला ठेवू जमिनीवर?" ती म्हणाली. मग तिचा आवाज बदलला. "पण काही म्हण, आई सुधारल्यात हं. ताट स्वच्छ केलं आज. कुणाशीतरी हळू आवाजात बोलत होत्या. मी म्हटलं, बोलू दे. रडण्यापेक्षा बरं."

रडण्यापेक्षा बरं, हे थोरल्यालाही पटलं. त्याला हवी होती ती शांतता समोर होती. ती कुठून आली हे विचारणं म्हणजे मिळालेल्या सुखाचा पाय मोडणं.

६

आई आता छान दिसू लागली. केस विंचरून घेई. थोरला आला की जणू पाहुणा आत बसलाय अशा सुरात बोलत असे.

"तोच तो तांबडा सदरा," ती कुरकुरली. "म्हटलं, बदल तरी. ऐकत नाही."

थोरल्याच्या हातात पाण्याचा पेला होता. त्याने तो नीट टेबलावर ठेवला. धाकट्याकडे तांबडा सदरा नव्हता. त्याला तो रंग कधी आवडला नाही.

"काय बोलतो?" त्याने विचारलं.

"बोलत कुठे? तोंडच उघडत नाही मेला. लहानपणी कसा, टकळी बंद व्हायची नाही. आता नुसता बघतो."

"चेहरा कसा आहे त्याचा, आई?"

आईने खुर्चीकडे डोळे बारीक करून पाहिलं. म्हणाली, "जवळून बघितलं की कळत नाही."

मग तिने पांघरूण सारखं केलं आणि अगदी सहज सांगितलं, "चल म्हणतोय मला."

"बोलत नाही म्हणालीस ना?"

"हात धरून म्हणतो. हात गार आहे रे त्याचा. आणि खडबडीत. दगडात राहिल्यासारखा."

त्या रात्री बायकोला सगळं सांगावं असं त्याच्या मनात आलं. काय सांगणार? की मी कॉम्प्युटरवर एक हाक मारली आणि कुणीतरी ओ दिली? की रोज दुपारी "येतोय, येतोय" म्हणत मीच त्याला या घराचा रस्ता दाखवला? आणि आला तो धाकटा नव्हे, इतकंच त्याला कळत होतं. धाकटा आला असता तर घर डोक्यावर घेतलं असतं त्याने. जो वर आला होता तो विहिरीतला होता. इतकी वर्षं तिथे उभा होता, आणि वर ये असं त्याला या एकाच घराने म्हटलं होतं. आता तो एकटा परत निघणार नव्हता.

हे सगळं थोरल्याला लख्ख दिसत होतं. त्याने घाबरायला हवं होतं. तो उशीवर डोकं ठेवून छताकडे बघत राहिला आणि थोड्या वेळाने झोपला.

७

दुसऱ्या दिवशी दुपारी बायको "येते" म्हणून निघाली, तो "ये" म्हणाला. फरशी टक्टक् वाजली. त्याने बाहेरच्या खोलीत लॅपटॉप उघडला. तिथून आईच्या खोलीचं अर्धवट लोटलेलं दार दिसे आणि फटीतून आरशाचं कपाट.

किल्ला सुरू झाला तो थेट विहिरीपाशी. तळ रिकामा होता.

त्याने टाइप केलं: जा.

तो शब्द मला माहीत नाही.

परत जा. तो शब्द मला माहीत नाही. निघून जा, चालता हो, नको, सोड तिला. त्याने शिव्यासुद्धा टाइप केल्या. प्रत्येकाला तेच उत्तर. कसा माहीत असणार? या घरात तो शब्द कधी कुणी उच्चारलाच नव्हता. गेमला इंग्रजी येत होतं, आणि मराठी येत होतं ते एवढंच, आईने शिकवलेलं.

मग त्याला इंग्रजी आठवलं. उत्तरेला जा, असा हुकूम त्याने लहानपणी हजारदा दिला होता. बोटं भराभर चालू लागली. खाली उत्तर आलं: इथे कुणी नाही. बरोबरच होतं. ज्याला हुकूम द्यायचा तो तिथे नव्हता. तो इथे होता.

थोरला पडद्यावर वाकला. काहीतरी शब्द असेल, एखादा तरी. तो शब्द शोधण्यात तो इतका बुडाला की आतून आईचा आवाज आला तो त्याच्या नुसता कानावर पडला. चांगला खणखणीत आवाज होता, जुना, दारात उभी राहून बोलायची तसा.

"बरं का रे, येते हं मी."

"ये," थोरला म्हणाला.

तोंडातून शब्द गेला. जन्मभर दिवसातून दहादा जाई तसाच गेला, मान वर न करता.

मग त्याने मान वर केली. दाराच्या फटीतून आरसा दिसत होता. आरशात आई पाठमोरी उभी होती. खुब्याचं हाड मोडल्यापासून जिने जमिनीला पाय लावला नव्हता ती ताठ उभी होती, आणि तिचा एक हात बाजूला जरा उचललेला होता, लहान मुलाचं बोट धरतात तसा. तो हात ज्याने धरला होता, त्याचा हात मनगटापर्यंतच दिसत होता. त्याच्या कडा सरळ नव्हत्या. पायऱ्यापायऱ्यांच्या होत्या. बोटं होती, पण एकमेकांपासून सुटलेली नव्हती.

थोरल्याला उठता आलं नाही. पाय आपले असूनही आपले वाटत नव्हते.

आरशातून दोघं बाजूला झाली. त्याच्यासमोरून कुणी गेलं नाही, बाहेरचं दारही उघडलं नाही. जिन्यात मात्र फरशी वाजली. टक्. आणि जरा थांबून, हलक्या पावलाची, टक्.

आत गेला तेव्हा आई पलंगावर होती. डोळे मिटलेले, केस विंचरलेले. पांघरूण छातीपर्यंत नीट ओढलेलं. एक हात तेवढा पलंगाबाहेर लोंबत होता, तळवा उघडा. थोरल्याने तो हातात घेतला. गार होता. तळव्यावर राखाडी धूळ होती. ती त्याने रुमालाने पुसून टाकली.

८

झोपेत गेल्या, कसला त्रास नाही, असं डॉक्टर म्हणाले. सगळ्यांनी सुटल्या म्हटलं. प्लास्टरही येऊन बसला, काही विनोद न करता. थोरला या खेपेलाही रडला नाही. बायको त्याच्याकडे चोरून बघत राहिली.

लॅपटॉप त्याने बंद करून कपाटाच्या वरती, पेट्यांच्या मागे टाकला होता. त्याआधी एकदाच उघडून पाहिला. विहिरीच्या तळाशी तांबडा सदरा उभा होता. त्याच्या शेजारी पांढऱ्या केसांचा एक ठोकळा होता. त्यालाही तोंडाला जागा नव्हती. खाली जाड इंग्रजी अक्षरांत एक शब्द होता: येते.

निरोपाचा असेल, असं थोरल्याने स्वतःला समजावलं. निरोपाचाही असतोच की तो.

बायकोने काही दिवस रजा घेतली. दुपारी ती दोघं घरी असत, आणि इतक्या वर्षांत प्रथमच एकमेकांशी काय बोलावं ते त्यांना सुचत नसे. त्या दिवशी ती आईच्या खोलीतला पलंग पुसत होती. थोरला खुर्चीवर बसला होता. ऊन सरकत आरशावर आलं. आई 'आला का' विचारायची, ती ही वेळ.

जिन्यात फरशी वाजली. टक्. आणि जरा थांबून, हलक्या पावलाची, टक्.

बायकोचा हात थांबला. "कुणी येतंय का रे?" तिने विचारलं.

थोरल्याने ऐकलं. पावलं सावकाश होती, पण चुकत नव्हती. घर माहीत असलेल्यांची होती. त्याने विचारही केला की उठावं, कडी लावावी, काहीतरी बोलावं. पण बोलायला त्याच्याजवळ दुसरा शब्द नव्हता. आईने दिलाच नव्हता. "ये" म्हटल्यावर मांजरसुद्धा येई.

"येतायत," तो म्हणाला, आणि दार उघडायला उठला.